जवळची भाजी की सेंद्रिय? मुंबईकरांनी जास्तीचे पैसे कशावर घालावेत?

मुलुंडकर
आमच्या सोसायटीत दर आठवड्याला सेंद्रिय भाजीची टोपली घरपोच येऊ लागली आहे, भाव बाजाराच्या दुपटीहून जास्त. गेल्या टोपलीत झुकिनी, ब्रोकोली आणि भर जुलैत हिमाचलचे मटार! माझं मत स्पष्ट आहे: एवढे पैसे मोजायचेच तर ते वसई, पालघर, कर्जत, मुरबाडहून येणाऱ्या भाजीला मोजा. पालेभाजी तोडली की तिच्यातलं क जीवनसत्त्व घटायला लागतं, आपल्या उकाड्यात तर भराभर. पहाटे तोडलेली मेथी त्याच दिवशी कढईत पडते. दोन-तीन दिवस प्रवास करून आलेली जुडी तिची बरोबरी करत नाही, मग तिच्यावर कुठलाही शिक्का असो.

आणि रानभाज्या? पहिल्या पावसात स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडंही देतात, कारण त्या आंबट फळाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. रानात आपोआप उगवणारं सगळं, ना खत ना फवारणी. ते ओलांडून आपण मॉलमधलं पाकीट उचलतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवडीवासी
नाही पटलं. मुंबईतली सगळ्यात जवळची भाजी कुठली? रुळांलगतची. रेल्वेने वर्षानुवर्षं आपल्या कर्मचाऱ्यांना मोकळी जागा भाजी लावायला दिली. पालकाचे, लाल माठाचे ते वाफे लोकलच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. अनेक ठिकाणी पाणी शेजारच्या नाल्याचंच असतं. नाल्यात कारखान्याचं सांडपाणी असेल तर शिसं, कॅडमियम मुळांवाटे पानात चढतं. मिठाच्या पाण्यात बुडवा नाहीतर तीनदा धुवा, ते जात नाही. घरात दोन लहान मुलं आहेत माझ्या. ही भाजी दिसायला टवटवीत, तोडून दोन तासही झालेले नसतात! पाकिटावर प्रमाणित सेंद्रिय मालाची 'जैविक भारत' ही खूण असली तर निदान कुणीतरी त्या शेताची चौकशी केली आहे एवढं तरी कळतं.

मुलुंडकर
रुळांलगतची भाजी मीही घेत नाही. पण खूण आहे म्हणजे फवारणी नाही असं समजू नका. सेंद्रिय शेतीत निंबोळी अर्क चालतो, बोर्डो मिश्रणासारखं तांब्याचं औषधही मर्यादेत चालतं. शिवाय लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. रविवारच्या बाजारात पाटीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं असतं, तिथे तुम्ही शेवटी त्या माणसाच्या शब्दावरच विसंबता ना? मग वर्षानुवर्षं ओळखीची असलेली वसईची मावशी काय वाईट?

जुन्नरची लेक
माहेरी टोमॅटो असतो, म्हणून लिहिते. तुम्ही दोघंही फक्त खाणाऱ्याचा विचार करताय. औषध मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते बाटलीसोबतच्या कागदावर छापलेलं असतं. पण वाशीच्या घाऊक बाजारात भाव चढल्याचा फोन आला की कोण थांबतं? गाडी त्याच रात्री भरते. सकाळी तो माल तुमच्या दारात, ताजा आणि जवळचा.

आणि पंप पाठीवर घेऊन सरीतून फिरतो तो गडी. तोंडाला टॉवेल, हात उघडे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. भाजीच्या रानात औषध वेगळं असेल, टॉवेल तोच असतो. सेंद्रियला जास्त पैसे देणं मला उधळपट्टी वाटत नाही.

ठाण्याचे आजोबा
पेन्शनीत दुप्पट भाव परवडत नाही, हेही ध्यानात घ्या. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले. मी तिथेच घेतो. पाणी विहिरीचं की नाल्याचं, शेवटचं औषध कधी मारलं, हे विचारतो. खरा शेतकरी न अडखळता सांगतो. वाशीहून माल उचलून आणलेल्याला उत्तर सुचत नाही.

शिवडीवासी
आजोबा, विचारून कॅडमियम कळत नाही. पिकवणाऱ्यालाही कळत नाही.

जुन्नरची लेक
मुलुंडकर, तुमच्यासाठी एक गोष्ट. हंगामी पिकाचं शेत सेंद्रिय म्हणून प्रमाणित व्हायला निदान दोन वर्षं लागतात. तेवढ्या काळात औषध बंद, माल बहुतेक वेळा कमी, आणि विकायचा साध्या मालाच्या भावात. माझ्या भावाने अर्धा एकर तसा ठेवला होता. दुसऱ्या हंगामात सोडला, गिऱ्हाईकच मिळेना. झुकिनीला मोजता तेवढे पैसे तुमची सोसायटी अशा शेताला दोन वर्षं देईल का?

मुलुंडकर
गटावर मांडतो, मनापासून. पण अडचण आत्ताच दिसते आहे. अशा शेतातलं वांगं कधी किडकं निघणार, एखाद्या आठवड्यात मेथी येणारच नाही. आमच्याकडे पानाला भोक दिसलं की लोक फोटो काढून पैसे परत मागतात. भावाला विचाराल का, किडका माल धरून सरसकट काय भाव घेईल?

शिवडीवासी
माती-पाण्याची तपासणी आधी करून घ्या आणि तिचा खर्च भावात धरा. तरच माझं नाव घाला.

जुन्नरची लेक
विचारते. पण भाव सांगायच्या आधी तो हेच विचारेल, पैसे पेरणीच्या वेळी देणार की माल आल्यावर?