कॅनडाचा स्टार्ट-अप व्हिसा बंद झालाय ना? मग कन्सल्टंट फी कसली मागतोय?

बंड्या_कोडवाला
मंडळी, मी आणि माझा पार्टनर मिळून एक सॉफ्टवेअर प्रॉडक्ट चालवतो, पैसे देणारे थोडे कस्टमरही आहेत. एक कन्सल्टंट हात धुऊन मागे लागलाय की इन्क्युबेटरचं (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेचं) लेटर मी काढून देतो, तुम्ही फक्त फी भरा, कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना) पक्का. मी म्हटलं अहो प्रोग्रॅम बंद झाला ना, तर म्हणे "ते नव्यांसाठी, तुमचं मागच्या वर्षात बसवू". हे काय प्रकरण आहे? आणि कॅनडा नाही तर फाउंडर लोकांना अजून कुठे वाव आहे?

खारुताई
"मागच्या वर्षात बसवू" म्हणाला तिथंच नमस्कार करून उठायचं. ३१ डिसेंबर २०२५ पासून नवीन अर्ज बंद. २०२५ मधलं कमिटमेंट सर्टिफिकेट (संस्थेने स्टार्टअपला पाठिंबा दिल्याचा दाखला) असलेल्यांना तेवढी ३० जून २०२६ पर्यंत मुभा दिली. आणि ते सर्टिफिकेट कन्सल्टंट बनवत नाही रे, सरकारने नेमलेली संस्था ते थेट इमिग्रेशन खात्याला पाठवते. त्यात खोटेपणा सापडला तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि बंद तुझ्यासाठी, त्याच्यासाठी नाही.

मुळात घोळ झाला तो इन्क्युबेटरमुळेच. पाठिंबा देताना व्हेंचर फंडाने (स्टार्टअपमध्ये पैसे घालणारा फंड) किमान २ लाख डॉलर टाकायचे, एंजल ग्रुपने (खाजगी गुंतवणूकदारांचा गट) ७५ हजार, आणि इन्क्युबेटरने शून्य. मग सगळे एजंट कुठे जमणार, सांगायला नको. एप्रिल २०२४ मध्ये एका संस्थेला वर्षाला १० च स्टार्टअप अशी मर्यादा घातली, पण तोवर अर्जांचा ढीग साचला होता.

रांगेतला_राजू
ताईंशी सहमत. मी त्याच ढिगात आहे. फेडरल बिझनेसचा (स्टार्ट-अप व्हिसा ज्यात मोजतात त्या गटाचा) वर्षाचा पीआर कोटा २०२५ ला २००० होता, २०२६ ला ५०० वर आणला, आणि यात बायकामुलंही मोजतात. तेव्हा जुन्या सर्टिफिकेटवाला खरा असला तरी त्याचा नंबर कधी लागणार ते तुम्हीच बघा. नवीन पायलट (प्रायोगिक योजना) आणणार म्हणतात, पण त्याच्या नावावर आत्ता कोणी पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवा.

नाना_फडफडे
यूकेचं बघ. इनोव्हेटर फाउंडर व्हिसा, एप्रिल २०२३ पासून. आधीच्या व्हिसात ५० हजार पाउंड दाखवायला लागायचे, ती अट गेली. एंडोर्सिंग बॉडीला (आपली कल्पना तपासून शिफारस, म्हणजे एंडोर्समेंट, देणारी संस्था) हजार पाउंड, नंतर किमान दोन चेकपॉइंट मीटिंगा, त्यांचे प्रत्येकी ५००. ३ वर्षांनी सेटलमेंटला (तिथे कायम राहायला) अर्ज करता येतो, पण धंदा खरंच वाढलेला दाखवावा लागतो, नुसती कंपनी रजिस्टर करून भागत नाही. तुझी खरी अडचण वेगळी आहे, बिझनेस नवीन हवा, आधीच चालू असलेल्यात जाऊन बसता येत नाही. तुमचं प्रॉडक्ट चालू आहे, तेव्हा फी भरायच्या आधी हेच विचार.

न्यूझीलंडचा नवा बिझनेस इन्व्हेस्टर व्हिसा म्हणजे १० लाख न्यूझीलंड डॉलर घालून तिथला चालू धंदा विकत घेणं. तुमच्या कामाचा नाही.

खारुताई
अमेरिकेचं पण सांगून टाकते. आंत्रप्रेन्योर पॅरोल (उद्योजकांना तात्पुरतं राहायची परवानगी) आहे, अडीच वर्षं आणि पुढे अडीच, पण तिथल्या पात्र गुंतवणूकदारांकडून साधारण ३ लाख ११ हजार डॉलर लागतात आणि तो व्हिसाच नाही, त्यातून थेट ग्रीन कार्ड मिळत नाही. जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या कंपनीतर्फे एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) करता येतं, पहिली मुदत १८ महिन्यांची. पण लॉटरी आहेच, वर सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली. स्टार्टअपला कुठली परवडतेय.

बंड्या_कोडवाला
आभार सगळ्यांचे, कन्सल्टंटला ब्लॉक केलं. नाना, यूकेसाठी आम्हा दोघांना एकच एंडोर्समेंट चालेल का?

नाना_फडफडे
नाही, प्रत्येकाला आपापलं. प्लॅन एक चालतो, पण त्यात तुझं काम काय आणि त्याचं काय हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. पार्टनर नुसता नावापुरता असेल तर मुलाखतीतच उघडं पडतं.