रत्नागिरीत बिऱ्हाड हलवतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सौ.ची बदली झाल्यामुळे डोंबिवली सोडून आम्ही मे अखेरीस रत्नागिरीत राहायला येतोय. माझं काम घरूनच चालतं. सोबत आई आहे, तिला दमा आहे, म्हणून खरी धास्ती पावसाळ्याची.

गेल्या श्रावणात रत्नागिरीच्या नाचणे भागात एक फ्लॅट बघितला. भिंतीला हात लावला तर तळवा ओला झाला, कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी धरलेली. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ओल येणारच, पण आईला अशा खोलीत कसं ठेवू? जांभ्याचं कौलारू घर बरं, की नव्या इमारतीत गच्चीवर पत्र्याची शेड असलेला वरचा मजला? जे दोन्हींत राहिलेत त्यांनी कृपया सांगा.

मारुती मंदिर परिसरात दुकानं, दवाखाने हाताशी आहेत. कुवारबावला रेल्वे स्टेशन जवळ पडतं, पण रात्री-अपरात्री आईला धाप लागली तर तिथून शहरात रिक्षा मिळते का? छातीच्या विकारांचे डॉक्टर रात्री कुठे भेटतात?

शहराला पाणी शीळ धरणाचं, हे माहीत आहे. एप्रिल-मे मध्ये ते किती दिवसाआड येतं, आणि कुठल्या भागात टँकर मागवावा लागतो? वाऱ्यापावसात लाईट गेली की इंटरनेट किती वेळ बंद राहतं, तेही सांगा; माझी नोकरी त्यावरच आहे.

आणि आईला भजनाची फार आवड. जवळपास बायकांचं भजनी मंडळ असेल तर ती वस्ती आम्ही आधी बघू.