देवमासा अंधारात भक्ष्य कसे शोधतो?

हजार मीटर खाली, जिथे सूर्यप्रकाश पोहोचतच नाही, तिथे स्पर्म व्हेल या दात असलेल्या देवमाशाला माकूल (स्क्विड) सापडते कशी, असा हा प्रश्न आहे. तो तिला आवाजाने शोधतो. स्पर्म व्हेल नाकातून ‘टक्’ असा अतिशय तीव्र आवाज काढतो. हा आवाज डोक्यातील तेलाने भरलेल्या अवयवातून मागे जाऊन कवटीवर आपटतो व पुढे फेकला जातो, आणि भक्ष्यावरून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोहोचतो. शोध चालू असताना असे ठोके साधारण सेकंदाला एक-दोन पडतात. भक्ष्य टप्प्यात आले, की ते इतके जलद होतात, की जुने दार करकरावे तसा सलग आवाज ऐकू येतो. मला यातला हाच क्षण सर्वांत विलक्षण वाटतो.

आम्हा बडोदेकरांना देवमासा म्हटले, की कमाटीबागेतील संग्रहालयातला सांगाडा आठवतो. पण तो निळ्या देवमाशाचा आहे. त्याला दात नसतात, कोळंबीसारखे बारीक जीव तो पाण्यातून गाळून खातो आणि अशा प्रतिध्वनीने शिकार करत नाही. खोल बुडीचा विक्रम क्युव्हिएच्या चोचवाल्या देवमाशाचा आहे: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार २,९९२ मीटर.