शेतावरची जागल आणि डेऱ्यातली जागल

मूळ लेख (इंदूर)

दिवाळीनंतर मारवाडातील पाली, जालोर, सिरोही या भागांतून रबारी मेंढपाळ मेंढ्यांचे कळप आणि सामान लादलेले उंट घेऊन माळव्यात उतरतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे. आजोबांच्या काळी डेरा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तळ, आला की गावप्रमुख पटेलांचा निरोप जाई, मोकळ्या रानात दोन-चार रात्री मेंढ्या बसवल्या जात, आणि लेंडीखताच्या मोबदल्यात डेऱ्याला धान्य मिळे. आता त्याच रस्त्यावर लाठ्या घेऊन जागल चालते.

याचे कारण मला कोणाच्या स्वभावात नव्हे, जमिनीत दिसते. १९७०च्या दशकापासून सोयाबीन पसरले, मागोमाग कूपनलिका आल्या, आणि एका पिकानंतर मोकळी राहणारी काळी जमीन वर्षातून दोनदा, पाणी असेल तिथे तीनदा पिकू लागली. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम २३७ प्रमाणे गावच्या शेतजमिनीच्या किमान २ टक्के क्षेत्र चरनोई, म्हणजे गुरांच्या चराईची सामायिक जमीन, म्हणून राखायचे असते. आमच्या गावात ती चरनोई कागदावर आहे आणि प्रत्यक्षात तिच्यावर गहू उभा आहे.

गेल्या पौषात मारामारी झाली. एका मेंढपाळाचे डोके फुटले आणि गावातील दोन मुलांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यांपैकी एक पोलीस भरतीची तयारी करत होता. आता तो घराबाहेर पडत नाही आणि त्याची आई कोणाशी फारसे बोलत नाही. गावाचे स्वास्थ्य बिघडते ते असे, आणि नुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात ते येत नाही.

प्रतिसाद १ : देवासजवळचा शेतकरी

आपल्या आजोबांच्या आठवणींचा मी आदर करतो, परंतु तो व्यवहार मोठ्या जमिनीच्या माणसाला परवडणारा होता. माझी जमीन तीन बिघे आहे. कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात हे मलाही ठाऊक आहे. पण फुलावर आलेल्या शेतात तीनशे मेंढ्या एक रात्र शिरल्या, तर सकाळी हाती काडीसुद्धा राहत नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजना पाळीव जनावरांनी चरल्याचे नुकसान धरत नाही, आणि डेरा पहाटेच पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. दावा कोणावर लावायचा? माघ सरेपर्यंत मी आणि माझा मुलगा आळीपाळीने जागतो. परराज्यांतील कळपांना पीक उभे असेपर्यंत हद्दीवरच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २ : इंदूर, आरोग्यसेवेत

दादा, आपले नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई मिळालीच पाहिजे. मात्र हद्दीवर थांबवणे हा उपाय मला भयावह वाटतो. नायजेरियातील बेन्वे राज्याने २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदीचा कायदा लागू केला. शेतकरी आणि गुराखी यांचा संघर्ष त्याआधीही होता, पण बंदीने तो शमला नाही. १ जानेवारी २०१८ रोजी त्याच राज्यातील गावांवर हल्ले झाले आणि ७३ जणांचे सामूहिक दफन करावे लागले. जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने त्या देशात अशा संघर्षांतील ३,६४१ मृत्यू नोंदवले. माळवा म्हणजे बेन्वे नव्हे, आणि देव करो तसे कधी न होवो. पण चालत्या माणसाचा रस्ता बंद केला की तो रात्रीच्या आडवाटेने जातो, एवढे तिथून शिकावे.

आपण जागता तेव्हा डेऱ्यातील बाईही जागीच असते. हातपंपावर तिला हटकले जाते, म्हणून ती अंधारात पाणी भरते. बाळाची लस एका गावी लागते, पुढची चुकते. मी धनगर घरातली आहे. ज्या शहराची भरभराट होळकरांनी केली, आणि ते मल्हारराव धनगर कुळातले होते, तिथे मेंढपाळाला परका म्हणताना मला वेदना होतात.

प्रतिसाद ३ : देवासजवळचा शेतकरी

ताई, मी त्यांना परका म्हटले नाही. हरभरा पुन्हा उगवत नाही, एवढेच म्हणालो. रस्ता मोकळा ठेवण्याची किंमत तीन बिघेवाल्यानेच का मोजायची, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात नाही.

मूळ लेखक

हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या लेखातही त्याचे उत्तर नव्हते. जुन्या व्यवहाराचे वर्णन करताना त्यात लहान शेतकऱ्याला कोणी विचारत नसे, हे मी वगळले. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना दिला होता. त्याच्या आधारे चरनोईची मोजणी मागता येते. ती मोकळी झाली तर मुक्काम तिथे ठरेल, आणि डेऱ्याच्या मुखियाकडून आगाऊ अनामत घेऊन पंचायतीला भरपाई त्याच आठवड्यात देता येईल. चरनोईवर गहू पेरणाऱ्यांत माझे सख्खे चुलतेही आहेत, तेव्हा अर्ज करणे मला सोपे नाही. तरीही पुढच्या ग्रामसभेत मी तो देणार आहे. आपल्या गावच्या चरनोईचे खसरा क्रमांक (जमिनीच्या नोंदीतील तुकड्यांचे क्रमांक) काढलेत, तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी तहसीलमध्ये देऊ.