मदत हवी आहे: अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यावर पांढरा पुंजका, खाणंही बंद

पाणवठा: ठिकाण पुणे. फिकट गुलाबी, काळ्या डोळ्यांचा अ‍ॅक्सोलॉटल (कायम पाण्यातच राहणारा, बाहेर कल्ले असलेला उभयचर), साधारण 18 सेंमी. 2 फुटी टाकी, तळाला रंगीत खडे, टांगायचा फिल्टर. रविवारपासून गांडूळ तोंडाशी नेलं तरी तोंड फिरवतोय. कल्ले पुढे वळलेत, शेपटीचं टोक वाकलंय आणि उजव्या मधल्या कल्ल्यावर कापसासारखा पुंजका आहे. पाणी स्वच्छ दिसतंय, फिल्टरचा स्पंजही मागच्या आठवड्यात नळाखाली खळखळून धुतलाय. दुकानात मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनचं औषध दिलंय. टाकू का?

गाळमाती: अजिबात नको. ते माशांसाठीचं औषध आहे. याच्या अंगावर खवले नाहीत, उघड्या कातडीतून सगळं आत शोषलं जातं. तांबं असलेली औषधंही याच कारणाने वर्ज्य. आधी तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजून इथे टाका. थेंबांचं किट घ्या, स्वस्त पट्ट्यांवर बहुतेकदा अमोनियाचा चौकोनच नसतो.

पाणवठा: तापमान 27, अमोनिया 1 पीपीएम (दशलक्ष भागांत एक भाग), नायट्राइट 0.5, पीएच 8.

गाळमाती: मग बुरशी हा दुय्यम प्रश्न आहे. विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया स्पंजात असतात; नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले, म्हणून अमोनिया चढला. (स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.) पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, उष्णतेने आणखी वाढतो. पुढे वळलेले कल्ले आणि वाकलेली शेपटी हे त्या त्रासाचंच लक्षण. पाण्याचा झोत जोराचा असला तरी कल्ले असेच वळतात, तेव्हा फिल्टरचं तोंड भिंतीकडे करा.

आजच त्याला बाहेर काढा. साबण न लागलेला 8-10 लिटरचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, क्लोरीन काढलेलं पाणी. रोज सगळं पाणी बदला. नवं पाणी जुन्यापेक्षा 2 अंशांहून जास्त थंड नको. डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा आणि हळूहळू 18 पर्यंत आणा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका.

खाडीकाठ: पुंजका नीट बघून घ्या. पाणी हललं की धागे सुटे डोलले तर बुरशी. करडा, चपटा, कातडीला चिकटलेला थर असेल तर बॅक्टेरियाचा संशय धरा, तो गरम पाण्यात भराभर पसरतो.

बुरशीच असेल तर मिठाची अंघोळ. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम जाडं मीठ पूर्ण विरघळवा, पाणी डब्याच्याच तापमानाचं हवं. 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. 15 मिनिटांच्या वर कधीच नाही, कल्ल्यांचे तंतू आणि अंगावरचा बुळबुळीत थर खराब होतो. घड्याळ लावा, अंदाज नको. तडफडला तर लगेच काढा. पुंजका चिमट्याने ओढू नका, त्यासोबत तंतूही येतात.

टाकी थंड ठेवायचं म्हणाल तर, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात 2-4 अंश उतरतात. मुंबईत, कोकणात दमट हवेमुळे एवढा फरक पडत नाही, तिथे चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. 27 वरून 18 साठी पुण्यातही चिलरच लागेल. महाग आहे, पण हा प्राणी मूळचा मेक्सिकोतल्या झोचिमिल्कोच्या थंड पाण्याचा.

पाणवठा: खड्यांचं काय?

गाळमाती: काढून टाका. डोक्यापेक्षा लहान काहीही तो गिळतो. मागचा भाग वर तरंगत असेल आणि विष्ठा बंद असेल तर खडा अडकल्याची शक्यता, एक्स-रेत दिसतो. पोटावर किंवा पायांवर लाल चट्टे, अंग पाण्याने फुगलेलं, यापैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून उभयचर हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे जा. तिथे अँटिबायोटिक लागतं.

खाण्याची घाई नको. 18 अंशांवर स्थिरावला की गांडुळाचा छोटा तुकडा द्या, न खाल्लेला तासाभरात काढा. टाकीत परत सोडण्याआधी तिथे 2 पीपीएम अमोनिया घालून बघा: 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले पाहिजेत, आणि पाणी बदलून नायट्रेट 20 च्या खाली आणलेलं हवं. स्पंज मेलाय, म्हणजे 3 ते 6 आठवडे धरून चाला. तोवर मुक्काम डब्यातच.