मदत हवी आहे : लेकीला शिकवायचं म्हणून शाळेतलं विज्ञान मला पहिल्यापासून शिकायचंय

नमस्कार मंडळी,

माझी लेक सातवी पास झाली, जूनमध्ये आठवीत जाईल. शाळा मराठी, पण सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, दहावी होऊन चोवीस वर्षं झाली. सोलापुरात राहते, घरून डबे देते. दुपारी तीननंतर दोन तास मोकळे मिळतात. या सुट्टीत ते दोन तास मी विज्ञानासाठी बाजूला काढलेत, आणि त्यासाठीच तुमची मदत हवी आहे.

झालं असं. मागच्या आठवड्यात आम्ही रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्याकडेही माठ आहे, आमच्यासारखाच, लाल मातीचा. लेकीनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "आई, मावशीच्या माठातलं पाणी आपल्यासारखं गार का लागत नाही?" मी म्हटलं, माठ जुना झाला असेल. जेवायला बसलो तेव्हा बहिणीनं फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा तांब्या ताटाशेजारी ठेवला. पाच-दहा मिनिटांत तांब्याला बाहेरून दरदरून घाम फुटला, खाली पाण्याचं थारोळं. लेक बोटानं ते पाणी पुसत म्हणाली, "माठाला छिद्रं असतात म्हणून तो पाझरतो. स्टीलला कुठे छिद्रं असतात?"

मला काहीच सांगता आलं नाही. त्याहून जास्त लागलं ते हे की माठाबद्दल मी काहीतरी ठोकून दिलं होतं आणि पोरीनं ते खरं मानलं होतं.

घरी येऊन तिची वही काढली. 'इव्हॅपोरेशन'ची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली, शेजारी बाईंची बरोबरची खूण. व्याख्या तिला तोंडपाठ आहे, पण त्या शब्दाचा आणि आमच्या ओट्यावरच्या माठाचा काही संबंध आहे हे तिला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. ती जाते त्या क्लासमध्ये विचारलं, तर म्हणाले, "ताई, व्याख्या पाठ आहेत ना, मग आठवीत काही अडत नाही." मला ते पटलं नाही.

म्हणून पाचवीपासूनची पुस्तकं घेऊन बसले. वाचताना समजल्यासारखं वाटतं, पुस्तक मिटलं की प्रश्न उभे राहतात. सध्या अडलेय ते इथे :

वस्तुमान आणि वजन वेगळं म्हणतात. मग मी पाच किलो बटाटे आणते ते वजन की वस्तुमान? पुस्तक म्हणतं किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. काट्यावर तर आपण 'वजन' करतो.

पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तरी तापमान वाढत नाही म्हणे. मग तो जास्तीचा गॅस जातो कुठे? रोज तीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं.

पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो असं लहानपणापासून ऐकलंय. पुस्तकात तसं कुठे दिसलं नाही.

आणि चंद्राच्या कला. मी आजवर धरून चालले होते की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो. लेक म्हणते ते ग्रहण. मग कला कशाने?

सुरुवात कुठून करू, कुठला धडा कुठल्याच्या आधी घेऊ, आणि मराठी शब्द सोडून थेट इंग्रजी शब्दच धरू का, हे कृपया सांगा. घरात करता येतील असे प्रयोगही सुचवा. चूक सांगण्यापेक्षा वेळ लागलेला चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीचे दोन्ही प्रश्न आठवीच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा चांगले आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे.

सुरुवात कणांपासून करा. प्रत्येक पदार्थ बारीक कणांचा असतो आणि ते कण सतत हलत असतात. द्रवातल्या सगळ्या कणांची गती सारखी नसते. जे जोरात असतात ते पृष्ठभागावरून निसटून हवेत जातात, ते बाष्पीभवन, म्हणजे मुलीच्या वहीतलं 'इव्हॅपोरेशन'. जोरातले गेले म्हणजे मागे मंद कण उरले, आणि कणांची सरासरी गती कमी झाली म्हणजेच पाणी गार झालं. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथून उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं.

आता रत्नागिरी. समुद्रकाठची हवा आधीच बाष्पानं भरलेली. जेवढे कण माठावरून उडतात त्यातले बरेचसे हवेतून परत येऊन बसतात, म्हणून माठ ओला राहतो पण गार कमी होतो. सोलापूरची मे महिन्यातली हवा कोरडी, तिथे एकतर्फी वाहतूक. तांब्याचं उलटं आहे. हवेतलं बाष्प गार स्टीलला लागलं की कण मंदावतात आणि थेंब होऊन चिकटतात, ते सांद्रीभवन. रत्नागिरीत बाष्प जास्त म्हणून थारोळं. ज्या हवेनं माठ गार होऊ दिला नाही, तिनंच तांब्याला घाम आणला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवून बघा. फ्रिजमधला तांब्या झाकण लावून, कोरडा पुसून वजन करा, अर्ध्या तासानं पुन्हा करा. एका लहान मडक्याचंही तसंच, तीन-चार तासांच्या अंतरानं. आधी मुलीला अंदाज वहीत लिहायला लावा, मगच काटा दाखवा.

गॅसचं उत्तर यातच आहे. उकळत्या पाण्यातल्या कणांना एकमेकांपासून सोडवायला ती उष्णता खर्ची पडते. एक ग्रॅम पाण्याची 100 अंशाला वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात, तेच पाणी 0 पासून 100 अंशापर्यंत तापवायला फक्त 100. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट. वाफ हातावर पाणी होताना ती सगळी उष्णता सोडते. डाळ उकळली की गॅस बारीक करा, तेवढ्याच वेळात शिजेल. कुकरमध्ये मात्र वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशाला उकळतं. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात हेच उलट होतं, तिथे हवेचा दाब कमी, पाणी 95-96 अंशालाच उकळायला लागतं.

क्रम म्हणाल तर : पदार्थ आणि कण, मग उष्णता, मग घनता आणि दाब, मग बल आणि गती. प्रकाश, ध्वनी त्यानंतर. पेशी आणि वनस्पती याला समांतर चालू द्या.

मराठी शब्द मुळीच सोडू नका. 'बाष्पीभवन' म्हणजे बाष्प होणं, शब्दातच अर्थ आहे. वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे तुमचा. तिला दोन्ही लागतील.

प्रतिसाद २

आमचं वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

बटाट्यात द्रव्य किती, ते वस्तुमान. पृथ्वी त्या बटाट्याला किती जोरानं खाली ओढते, ते वजन. पाच किलो बटाट्याला पृथ्वी सुमारे 49 न्यूटन इतक्या बलानं ओढते. बोलताना आपण दोन्हीला वजन म्हणतो, सगळा घोळ तिथे होतो.

काटे समोर आणले की फरक दिसतो. भाजीवाल्याची जुनी तागडी घ्या, एका पारड्यात बटाटे, दुसऱ्यात माप. ती चंद्रावर नेली तरी पाच किलोच दाखवेल, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच कमी होते. रद्दीवाल्याचा ताणकाटा नेला तर तेच बटाटे एक किलोच्याही खाली दिसतील, कारण चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण सहावा हिस्सा आहे. तागडी तुलना करते, ताणकाटा ओढ मोजतो. तुमचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटासुद्धा ओढच मोजतो आणि हिशोब करून किलोत दाखवतो. म्हणून अचूक इलेक्ट्रॉनिक काटे जिथे वापरायचे तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवावे लागतात. पृथ्वीवरही ही ओढ सगळीकडे तंतोतंत एक नसते, विषुववृत्तावर किंचित कमी, ध्रुवांवर किंचित जास्त.

दारावर रद्दीवाला आला की मुलीला त्याचा काटा हातात घेऊ द्या. आतली स्प्रिंग ताणताना दिसली की 'बल' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद ३

पिंपळाबद्दल थोडक्यात. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो आणि ऑक्सिजन त्याच क्रियेत बाहेर पडतो. रात्री पिंपळही आपल्यासारखा श्वसनच करतो, ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. श्वसन दिवसाही चालूच असतं, फक्त दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यापेक्षा खूप जास्त होतं. 'झाडं दिवसा ऑक्सिजन घेत नाहीत' हीसुद्धा तितकीच चुकीची समजूत आहे, मुलं हमखास तसं लिहितात.

मुलीला एक विचारा : एवढं मोठं झाड वाढतं, ते द्रव्य येतं कुठून? बहुतेक जण मातीतून म्हणतात. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञानं कुंडीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सत्तर किलोहून जास्त वाढलं, मातीचं जेमतेम साठ ग्रॅमच्या आसपास घटलं. त्याला वाटलं सगळं पाण्यातून आलं. निम्मंच बरोबर होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात नव्हता.

पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची फुकट मिळतात. तोच धडा दोन्हींतून शेजारी शेजारी उघडा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करतात, ती कशी करायची हेही ऑनलाइन बघता येतं.

प्रतिसाद ४

ताई, संकष्टी करता का? मग चंद्राच्या कला तुम्हाला निम्म्या येतातच.

चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशात कायमच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, तेवढाच दिसतो. सावलीचा यात संबंध नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो. पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशीर. चौथ्या दिवशी संकष्टी, म्हणून चंद्रोदय रात्री नऊच्या आगेमागे आणि उपास लांबतो. वद्य अष्टमीला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, गोकुळाष्टमीची रात्र आठवा. सावलीमुळे कला होत असत्या तर शुद्ध चतुर्थीची कोर संध्याकाळी सूर्याच्या बाजूलाच, पश्चिमेला दिसली नसती. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते.

खोलीत अंधार करा, एकच दिवा ठेवा, मोसंबं काट्याच्या चमच्याला टोचून हात लांब करा आणि जागेवर गोल फिरा. सगळ्या कला दिसतील. डोक्याची सावली मोसंब्यावर पडली की ते ग्रहण. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. मोसंबं थोडं वर धरून हेही करून दाखवा.

धागा सुरू करणारी

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

लेकीनं वहीत लिहिलं होतं, "दोन्हींचं वजन कमी होईल." तांब्या झाकणासकट पुसून 1,186 ग्रॅम. अर्ध्या तासानं 1,188. तिला वाटलं काटा चुकला, म्हणून तांब्या पुसून परत ठेवला, तर पुन्हा 1,186. ती बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे हे दोन ग्रॅम हवेतून आले." मडकं दुपारी बाराला 3,240 होतं, चारला 3,150. नव्वद ग्रॅम पाणी उडून गेलं आणि आतलं पाणी गार झालं. तिनं लगेच रत्नागिरीला मावशीला फोन लावला आणि तिथे हेच करायला सांगितलं. मीही तिला सांगून टाकलं की माठ जुना झाल्याचं मी अंदाजानं बोलले होते.

डाळीवर गॅस बारीक करून बघितला. सर, खरंच तेवढाच वेळ लागला.

मोसंब्याचा प्रयोग काल रात्री केला. परवा संकष्टी आहे, चंद्रोदय किती वाजता होईल याचा अंदाज तिनं पौर्णिमेपासून हिशोब करून लिहिलाय आणि कालनिर्णय मला लपवून ठेवायला सांगितलंय.

आता घनता सुरू केली आहे आणि पहिल्याच पानावर अडलोय. खिळा बुडतो, लोखंडाचं जहाज तरंगतं, इथवर समजलं. पण ग्लासात काठोकाठ पाणी आणि वर तरंगणारा बर्फाचा खडा असेल, तर बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? ती म्हणते सांडेल, मला वाटतं नाही. उत्तर सांगू नका, आम्ही दोघींनी अंदाज लिहिलेत, उद्या करून बघू. फक्त कुठे लक्ष द्यायचं तेवढं सांगा.