दुरुस्तीमुळे घरात राहताच येत नाही, तरी भाडं पूर्ण द्यायचं?

ठाणेकर भाडोत्री
घरात राहता येत नसेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं मागायचा मालकाला हक्क नाही, असं माझं ठाम मत आहे. विरोधी मत असणाऱ्यांनीही जरूर लिहा, कारण मला पाच तारखेच्या आत निर्णय घ्यायचाय.

घोडबंदर रोडला लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. खालच्यांकडे गळती होते म्हणून आमच्या दोन्ही बाथरूमची फरशी आणि कोबा उखडलाय. काम सुरू होणार हे आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं. कमोड काढून पॅसेजमध्ये ठेवलाय, ड्रेनेजच्या तोंडात गोणपाट कोंबलंय. त्यातच स्वयंपाकघराच्या स्लॅबचं प्लॅस्टर पाडून सळ्यांचा गंज काढणं चाललंय. ओटा आणि फ्रिजच्या मध्ये लोखंडी टेकू उभा आहे, फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. आईचे गुडघे गेलेले, तिला प्रत्येक वेळी शेजाऱ्यांची बेल वाजवून संडासला न्यावं लागत होतं. शेवटी आई आणि मुलीला डोंबिवलीला बहिणीकडे पाठवलं.

मालक म्हणतात, "काम सोसायटीचं आहे, माझा काय दोष? भाडं वेळेवर द्या." दोष त्यांचा नसेलही. पण भाडं मी चार भिंतींचं देत नाही, राहण्याचं देतो.

एकाच फ्लॅटची मालकीण
तुमच्या आईंचे हाल झाले हे वाईटच, आणि आदल्या दिवशी कळवणं चूक. पण भाडंच द्यायचं नाही, हे मला मान्य नाही. दुरुस्ती चालू आहे म्हणून बँक माझा हप्ता सोडत नाही. सोसायटीने मोठ्या दुरुस्तीसाठी काढलेली वर्गणी मीच भरते, भाडेकरू नाही. काम लांबणीवर टाकलं असतं आणि उद्या स्लॅबचा तुकडा कोणाच्या डोक्यात पडला असता, तर हेच सगळे म्हणाले असते की मालकाने दुर्लक्ष केलं. काम काढलं तरी आम्हीच वाईट?

शिवाय आज बाथरूमसाठी भाडं कापलं, उद्या रंगकामाचा वास येतो म्हणून कापतील. सामान तुमचं आत आहे, किल्ली तुमच्याकडे आहे, तेव्हा जागा तुमच्याच ताब्यात आहे.

काळा कोट
मुंबई-ठाण्यात अशी प्रकरणं नेहमी येतात, म्हणून कायद्याची बाजू सांगतो. इथे 'भाडेकरू' म्हणून दोन वेगळ्या माणसांबद्दल बोललं जातं.

पहिल्यासाठी, म्हणजे खऱ्या भाडेकरूसाठी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. त्याच्या कलम 14 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवायचं काम मालकाचं. तो करत नसेल तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून, स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण हे संरक्षण भाडेकरूला आहे. आजचा लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, परवानाधारक.

परवानाधारकासाठी 1882 चा सुविधाधिकार कायदा (इझमेंट्स ॲक्ट) बघा, जो फारसं कोणी उघडत नाही. कलम 57: जागेतला धोकादायक दोष मालकाला ठाऊक असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक. कलम 58: तुमच्या जिवाला किंवा सामानाला धोका होईल असं काही त्याने जागेत करायचं नाही. कलम 64: मोबदला घेऊन दिलेल्या परवान्यात, तुमची चूक नसताना मुदतीआधी मालकाने बाहेर काढलं तर भरपाई मागता येते. कमोड काढून नेणं म्हणजे माणसाला बाहेर काढणंच, असा युक्तिवाद मी कोर्टात करेन. निकाल हमखास तसाच लागेल अशी ग्वाही मात्र देणार नाही.

ताई, ताबा म्हणजे नुसती किल्ली नव्हे. आणि साहेब, मनानेच भाडं थांबवू नका. आधी लेखी कळवा, तारखेसह फोटो काढा, करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. न कळवता भाडं थांबवलंत तर करार तुम्हीच मोडला असं म्हणायला मालक मोकळा.

गिरगावची पागडी
वकीलसाहेब, त्या एक चतुर्थांशाचा हिशोब आमच्या पागडीच्या घरांत, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहतात तिथे, करून बघा. चाळीत कोणाचं भाडं महिना 300 रुपये असेल, तर वर्षाचे झाले 3600. त्यातून कापता येणार 900. तेवढ्यात प्लंबर तिसऱ्या मजल्यावर चढतसुद्धा नाही. कायद्यात हक्क आहे, हातात काही नाही.

आमचं भांडण भाड्याचं नाहीच. आम्हाला भीती असते ती घर सोडायची. "दुरुस्ती करायचीय, जरा खाली करा" म्हणतात, आणि संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेलेली माणसं तिथेच म्हातारी होतात. माझ्या आत्याचं कुटुंब तसंच गेलं, तिच्या नातवंडांची लग्नं शिबिरातून झाली. म्हणून ज्यांची पागडी आहे त्यांना हात जोडून सांगतो, परत येण्याच्या हक्काचा कागद हातात आल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका. ठाणेकरांचा मात्र मला पूर्ण पाठिंबा. संडास नाही तिथे भाडं कसलं?

काळा कोट
बरोबर बोललात. पागडीवाल्यांसाठी एवढंच जोडतो. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घ्यायला मालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 खाली कोर्टात जावं लागतं, आणि कलम 18 प्रमाणे परत यायचंय का हे कोर्ट तुम्हाला विचारतं. हो म्हणा आणि ते हुकूमनाम्यात नोंदवून घ्या. पालिकेने धोकादायक ठरवून इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलंय.

सोसायटी सचिव
सोसायटीचं नाव आलं म्हणून लिहितोय. सोसायटीचा करार सभासदाशी असतो, त्याच्या परवानाधारकाशी नाही. त्यामुळे भाड्याच्या वादात आम्हाला ओढू नका.

पण एक गोष्ट स्पष्ट करतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप यांतून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या बाथरूमचा कोबा फुटून खाली पाणी जात असेल तर ते काम त्या सभासदाचं. तेव्हा "काम सोसायटीचं आहे" हे तुमच्या मालकांचं म्हणणं बाथरूमपुरतं तरी टिकत नाही. सोसायटीने फक्त "करा" असं सांगितलेलं असणार. आमच्याकडे एका वेळी एकच बाथरूम उखडू देतो, ते परत वापरात आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम फोडायचं काही कारण नव्हतं.

ठाणेकर भाडोत्री
सचिवसाहेब, ही माहिती माझ्यासाठी फार मोलाची आहे. सोसायटीच्या पत्राची प्रत आजच मागतो.

ताई, तुमच्या हप्त्याचं मला कळतं. पण पुनर्विकासात इमारत पाडतात तेव्हा सभासद बिल्डरकडून पर्यायी जागेचं भाडं घेतातच ना? ते कोणी उपकार म्हणून घेत नाही, हक्काने घेतात. स्वतःचं घर राहायला नसलं की भरपाई हवी हे मालकाला पटतं. मग तेच मी म्हटलं की लबाडी कशी होते?

एकाच फ्लॅटची मालकीण
लबाडी म्हटलं नाही मी. पुनर्विकासाचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. दोन्ही बाथरूम एकदम बंद असतील तर त्या दिवसांचं निम्मं भाडं सोडायला मी तयार झाले असते. सगळं नाही. तुमचं सामान तिथेच होतं, आणि पक्कं घर मिळणार ते तुम्हालाही. पण घर राहण्याजोगं नाही हे ठरवणार कोण? प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवेल.

काळा कोट
म्हणूनच ते करारात आधी लिहा. केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडेकरू कायद्यात राहण्यालायक नसलेली जागा पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन सोडायची सोय आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. मी माझ्या अशिलांच्या करारात असं कलम घालतो: चालू संडास, नळाचं पाणी आणि वीज यांपैकी कोणतीही एक गोष्ट सलग चोवीस तास बंद असेल तर त्या दिवसापासून भाडं बंद, ठरावीक दिवसांनंतरही काम चालू राहिलं तर लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) रद्द आणि डिपॉझिट परत.

एकाच फ्लॅटची मालकीण
मग त्यात हेही घाला की मालकाने सात दिवस आधी लेखी कळवलं तर परवानाधारकाने मिस्त्रीला आत घ्यायचंच, "आज पाहुणे आहेत, उद्या या" चालणार नाही. ते असेल तर मी सही करेन.

ठाणेकर भाडोत्री
मी आजही करेन. मालकांना तसं लिहून पाठवतोय, या महिन्याच्या भाड्यातून किती दिवस वजा होतात त्या हिशोबासकट. निम्म्याला मात्र मी तयार नाही.